छोट्या ऑनलाइन दुकानाचं गूगलमधलं स्थान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःचं छोटं ऑनलाइन दुकान चालवणारे लोक मला पुन्हापुन्हा जे प्रश्न विचारतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी सगळीकडे वह्या आणि पेन विकणारं एक दुकान धरलं आहे. तुमचा माल वेगळा असेल, पण विचार करण्याची पद्धत तीच लागू पडेल.

दुकान उघडून काही महिने झाले, तरी गूगलवर काहीच दिसत नाही. कुठे अडलं असेल?

वरचा क्रम मिळण्याआधी पान गूगलच्या नोंदीत असावं लागतं. आधी गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, पानावर येऊन ते वाचतो, मग ते पान इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या यादीत, नोंदवलं जातं, आणि कोणी काही शोधलं की त्या नोंदींमधून निवड होऊन क्रम लागतो. नवीन दुकानं बहुतेक वेळा पहिल्या दोन टप्प्यांतच अडकलेली असतात.

गूगल सर्च कन्सोल हे आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं साधन मोफत आहे. त्यात दुकानाची मालकी सिद्ध करा आणि एखाद्या वस्तूच्या पानाचा पत्ता 'यूआरएल इन्स्पेक्शन'मध्ये टाका. पान इंडेक्समध्ये आहे का आणि नसेल तर का नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

एका दुकानाच्या मालकीणबाई चार महिने रोज रात्री एकेका वस्तूचं वर्णन लिहीत होत्या. एकही पान गूगलवर येईना, तेव्हा त्यांनी मला विचारलं. पानाचा सोर्स उघडला तर वरच्याच भागात 'नोइंडेक्स'ची ओळ होती. साइटचं काम चालू असताना अर्धवट पानं गूगलवर जाऊ नयेत म्हणून ती टाकली होती, आणि दुकान उघडताना काढायची राहून गेली. ओळ काढली, सर्च कन्सोलमधून पानं पुन्हा तपासायला सांगितली, आणि पानं हळूहळू दिसू लागली. चार महिन्यांची मेहनत मात्र तोवर कोणापर्यंत पोचली नव्हती. म्हणून माझं पहिलं सांगणं कायम हेच असतं: आधी दार उघडं आहे का ते बघा.

रोबोट्स फाइल आणि नोइंडेक्स एकच ना?

नाही, आणि या गोंधळामुळे बरंच नुकसान होतं. रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल बॉटला 'हे पान वाचू नकोस' असं सांगते. नोइंडेक्स सांगतं की 'वाच, पण नोंदवू नकोस'. एखादं पान रोबोट्स फाइलने बंद केलं, तर बॉटला त्यावरचं नोइंडेक्स दिसणारच नाही, आणि दुसरीकडच्या लिंकवरून त्याचा पत्ता इंडेक्समध्ये येऊ शकतो. खरेदीची टोपली, लॉगिन, दुकानातल्या शोधाचे निकाल अशा पानांबाबत यातलं काय वापरायचं ते आधी ठरवा. दोन्ही एकदम लावू नका.

साइटमॅप लागतोच का?

साइटमॅप म्हणजे दुकानातल्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी. असलेला बरा. बहुतेक दुकान-प्रणाली तो आपोआप तयार करतात. तुम्ही फक्त त्याचा पत्ता सर्च कन्सोलमध्ये द्यायचा. एका फाइलमध्ये 50,000 पत्ते मावतात, त्यामुळे छोट्या दुकानाला एक फाइल पुरते. साइटमॅप दिला म्हणून पान नोंदवलं जाईलच असं नाही. जी वस्तू दुकानातल्या कुठल्याच पानावरून लिंक केलेली नाही, ती गूगललाही कमी महत्त्वाची वाटते.

पहिल्या पानावर यायला किती वेळ लागतो?

सुधारणा केल्यावर फरक दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गूगलच्याच लोकांनी सांगितलं आहे, आणि माझा अनुभवही तसाच आहे. 'तीस दिवसांत पहिला क्रमांक, हमखास' असं कोणी म्हणत असेल तर तिथून उठा. अशी हमी कोणालाच देता येत नाही, हे गूगलच्या मार्गदर्शक पानांवरही लिहिलेलं आहे.

मोठ्या बाजारपेठांपुढे माझ्या दुकानाचा टिकाव कसा लागणार?

मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

'वही' हा एकच शब्द टाकून शोधणाऱ्याला नेमकं काय हवंय, हे त्याचं त्यालाही नीट ठरलेलं नसतं. त्या शोधात मोठी नावंच वर राहणार. पण 'शाईच्या पेनने लिहिलं तर मागे न उमटणारी वही' असं जो टाइप करतो, त्याने आधी दोन-तीन वह्या घेऊन पाहिल्या आहेत. पान उलटलं की मागे अक्षरं दिसतात, याला तो कंटाळला आहे आणि आता पैसे मोजायला तयार आहे. असे शोध महिन्याला मोजकेच होत असतील. छोट्या दुकानाचं पोट मात्र त्यांच्यावरच भरतं.

मोठ्या बाजारपेठेत हजारो वह्या असतात. त्या प्रत्येक वहीवर कोणी पेन टेकवून बघितलेला नसतो. तुमच्याकडे चाळीस वह्या आहेत आणि त्यातल्या प्रत्येकीवर तुम्ही स्वतः लिहून पाहिलंय. कोणता कागद शाई पितो, कोणत्या वहीची बांधणी सहा महिन्यांत सुटते, कोणती टेबलावर सपाट उघडी राहते, हे तुम्हाला पाठ आहे. समोर गिऱ्हाईक आलं तर तुम्ही हे सगळं दोन मिनिटांत सांगाल. पण तुमच्या पानावर यातलं एक वाक्यही नसतं. ते तिथे आणणं हे तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं काम आहे, आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांत मी पुन्हा इथेच येणार आहे.

गिऱ्हाईक नेमके कोणते शब्द टाकतं, हे कसं कळणार?

पैसे देऊन घ्यायची साधनं आहेत, पण सुरुवात तुमच्या इनबॉक्सपासून करा. गेल्या वर्षभरातले सगळे मेसेज आणि मेल काढा आणि लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत एका कागदावर उतरवा. 'याला मागून दिसतं का?' असं कोणी विचारलं असेल तर अगदी तसंच. विक्रेता 'इंक ब्लीड रेझिस्टंट' म्हणतो, गिऱ्हाईक 'शाई फुटते का' म्हणतं, आणि शोधताना गिऱ्हाईक स्वतःचेच शब्द टाकतं.

मग गूगलच्या चौकटीत अर्धा शब्दप्रयोग टाकून खाली कोणत्या सूचना येतात ते पाहा. दुकानातल्या शोध-चौकटीत लोक काय टाकतात आणि कशाला 'काहीही सापडलं नाही' असं उत्तर मिळतं, तेही तपासा. पानं थोडी जुनी झाली की कोणत्या शोधांत तुम्ही दिसलात ते सांगणारा सर्च कन्सोलचा 'परफॉर्मन्स' अहवाल आहेच.

वस्तूचं वर्णन कसं लिहावं? कंपनीने दिलेला मजकूर चालेल का?

तोच मजकूर आणखी पन्नास दुकानांनी लावलेला असतो. त्याबद्दल गूगल दंड करत नाही, ही भीती मनातून काढा. पण सारख्या मजकुराची अनेक पानं समोर आली की ते त्यातलं एखादंच पुढे करतं, आणि ते बहुधा तुमचं नसतं. 2011 सालच्या 'पांडा' अपडेटपासून (अपडेट म्हणजे गूगलने क्रम लावायच्या पद्धतीत केलेला बदल) पोकळ, उसन्या मजकुराची पानं मागे पडत आली आहेत.

एक वर्णन प्रत्यक्षच पाहू. कंपनीचा मजकूर असा:

'उच्च दर्जाचा कागद, आकर्षक मुखपृष्ठ, विद्यार्थी आणि व्यावसायिकांसाठी उत्तम.'

यातलं एकही वाक्य वाचून वही घ्यायची की नाही हे ठरत नाही. आता वहीवर लिहून पाहिलेल्या माणसाचा मजकूर:

'कागद 100 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन 100 ग्रॅम). जाड निबाच्या शाईच्या पेनने लिहिलं तर मागे पुसट सावली दिसते, पण शाई आरपार जात नाही. जेल पेनची सावलीही जाणवत नाही. कागद गुळगुळीत असल्याने शाई वाळायला थोडा वेळ लागतो. डाव्या हाताने लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. शिलाईची बांधणी, त्यामुळे कुठलंही पान उघडलं तरी वही सपाट राहते. आकार ए5, पानं 192, दोन रेघांमध्ये 7 मिलिमीटर अंतर.'

सोबत लिहिलेल्या पानाच्या मागच्या बाजूचा फोटो, दिवसाच्या उजेडात काढलेला. शाई वाळायला वेळ लागतो हे सांगितल्याने विक्री घटेल, अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. उलट त्या वाक्यामुळे बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो आणि परत येणारा मालही कमी होतो.

सगळ्या वस्तू एकदम हाती घेऊ नका. सगळ्यात जास्त खपणाऱ्या दहा घ्या आणि आठवड्याला दोन लिहा.

प्रत्येक वर्णनात मुख्य शब्द किती वेळा यायला हवा?

मोजूच नका. वस्तूबद्दल मनापासून आणि नेमकं लिहिलं की शब्द आपोआप येतात. तोच शब्द ठासून भरलेलं वर्णन वाचणाऱ्याला खटकतं, आणि गूगलच्या स्पॅम धोरणातही ते बसत नाही.

टायटल, मेटा डिस्क्रिप्शन, मेटा कीवर्ड्स: यांतलं काय महत्त्वाचं?

टायटल, म्हणजे निकालात ठळक दिसणारं पानाचं शीर्षक. प्रत्येक पानाचं वेगळं हवं आणि वस्तूची ओळख आधी, दुकानाचं नाव शेवटी. 'ए5 शिलाई बांधणीची वही, 100 जीएसएम, शाईच्या पेनसाठी' हे टायटल काम करतं. 'आमच्या दुकानात आपलं स्वागत' हे करत नाही. कधीकधी गूगल स्वतःच्या मनाने वेगळं टायटल दाखवतं, विशेषतः तुमचं फार लांब किंवा अनेक पानांवर तेच असेल तर.

मेटा डिस्क्रिप्शनने, म्हणजे शीर्षकाखाली दिसू शकणाऱ्या वर्णनाने, क्रम बदलत नाही, पण क्लिक करायचं की नाही हे ते वाचून ठरतं, म्हणून दोन वाक्यं नीट लिहा. मेटा कीवर्ड्स, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेली शब्दांची यादी, क्रमासाठी वापरत नसल्याचं गूगलने 2009 सालीच जाहीर केलंय. त्यावर वेळ घालवू नका.

कॅटेगरीच्या पानावर फक्त वस्तूंचे फोटो आहेत. तेवढं पुरे का?

पुरत नाही, कारण बरेच मोठे शोध वस्तूच्या पानापेक्षा कॅटेगरीच्या पानावरच उतरतात. 'शाईच्या पेनसाठी वह्या' अशी कॅटेगरी असेल, तर वर चार-पाच ओळींत निवड कशी करायची ते सांगा: कागदाची जाडी, गुळगुळीतपणा, बांधणी. सगळ्यात खाली लपवलेला आठशे शब्दांचा निबंध नको. तो कोणीच वाचत नाही. लोक जसं शोधतात तशाच कॅटेगरी करा. 'नवे आगमन' हे नाव दुकानदाराच्या सोयीचं आहे. ते शोधत कोणी येत नाही.

एकच वही सहा रंगांत आहे. सहा पानं करावीत का?

लोक तो रंग नावाने शोधत असतील तरच. एरवी एकच पान ठेवा आणि त्यावर रंग निवडायची सोय द्या. वेगवेगळे पत्ते तयार होतच असतील, तर कॅनॉनिकल टॅगने मुख्य पत्ता कोणता ते सांगा. ही सोय 2009 मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून आणली. गूगल तिच्याकडे सूचना म्हणून पाहतं, हुकूम म्हणून नाही. म्हणून दुकानातल्या लिंका आणि साइटमॅप यांतही तोच पत्ता द्या.

खरा पसारा फिल्टरमुळे होतो. 6 रंग, 4 आकार, 5 प्रकारच्या रेघा आणि क्रम लावायच्या 3 पद्धती धरल्या तर एकाच कॅटेगरीचे 360 पत्ते होतात. चाळीस वह्यांच्या दुकानात बॉट या भूलभुलैयात फिरत बसतो आणि नवीन वस्तूपर्यंत उशिरा पोचतो.

माल संपला की पान काढून टाकू का?

पुन्हा येणार असेल तर अजिबात नको. पान तसंच ठेवा, 'सध्या शिल्लक नाही' असं स्पष्ट लिहा, आणि आल्यावर कळवायची सोय द्या. वस्तू कायमची बंद झाली आणि तिची जागा घेणारी दुसरी वस्तू असेल, तर 301 रीडायरेक्टने (जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचं नव्या पत्त्यावर नेणारी सोय) तिकडे पाठवा. तशी नसेल तर 404 ('पान सापडलं नाही') किंवा 410 ('पान कायमचं काढलं') येऊ द्या; त्यात काही वावगं नाही. बंद झालेली सगळी पानं मुख्य पानाकडे वळवणं ही मात्र चूक आहे. गूगल त्यांना 'सॉफ्ट 404', म्हणजे प्रत्यक्षात नसलेली पानं, समजतं, आणि वही शोधत आलेला माणूस मुख्य पानावर आला की गोंधळून निघून जातो.

साइट किती वेगवान हवी?

पान वापरायला किती सुरळीत आहे हे मोजणाऱ्या गूगलच्या कोअर वेब व्हायटल्समध्ये तीन मोजमापं आहेत. पानातला सगळ्यात मोठा भाग 2.5 सेकंदांत दिसावा. बोट लावल्यावर 200 मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा; हे 'आयएनपी' मोजमाप मार्च 2024 मध्ये जुन्या 'एफआयडी'च्या जागी आलं. आणि पान उघडताना मजकूर उड्या मारू नये, म्हणजे 'सीएलएस' 0.1 च्या आत राहावं. किमान 75 टक्के भेटींत हे साधलं तर पान 'चांगलं' धरतात.

छोट्या दुकानात दोष बहुतेक वेळा फोटोंचा निघतो. फोनने काढलेला चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो तसाच चढवलेला असतो आणि मोबाइलवर तो जेमतेम तळहाताएवढा दिसतो. फोटो आवश्यक तेवढ्याच आकाराचे करा, वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात ठेवा, आणि कोडमध्ये रुंदी-उंची लिहा म्हणजे मजकूर हलणार नाही. पहिल्याच मोठ्या फोटोला लेझी लोडिंग (पान खाली सरकवल्यावरच फोटो आणायची सोय) लावू नका, त्याने तो उशिरा येतो. त्यानंतर प्लगइन, म्हणजे दुकानाला जोडलेल्या जादा सोयी, बघा: चॅटची खिडकी, सवलतीचं चक्र, बर्फ पडणारा इफेक्ट. जे वापरत नाही ते काढा.

सगळे आकडे हिरवे झाले म्हणून पान वर जात नाही. मजकूर पोकळ असेल तर वेगाने ती उणीव भरून निघत नाही.

स्ट्रक्चर्ड डेटा म्हणजे काय?

पानावरची किंमत, शिल्लक माल, परीक्षणं ही माहिती यंत्राला वाचता येईल अशा ठरावीक रचनेत लिहिणं. त्यासाठीचा स्कीमा हा शब्दसंग्रह 2011 मध्ये मोठ्या शोधयंत्रांनी मिळून सुरू केला. 'प्रॉडक्ट' प्रकार नीट भरला तर निकालात किंमत आणि तारे दिसू शकतात. एक नियम कडक पाळा: पानावर जे ग्राहकाला दिसत नाही ते या डेटात लिहू नका, आणि खोटी परीक्षणं तर मुळीच नको.

'एफएक्यू स्कीमा लावा, प्रश्नोत्तरं थेट निकालात दिसतील' हा सल्ला अजून फिरतो. ऑगस्ट 2023 मध्ये गूगलने ते दाखवणं सरकारी आणि आरोग्यविषयक नावाजलेल्या साइटींपुरतं मर्यादित केलं. दुकानाला त्यातून आता तो फायदा नाही. प्रश्नोत्तरं मात्र वाचणाऱ्यासाठी जरूर ठेवा.

गूगल मर्चंट सेंटर या दुकानदारांसाठीच्या सेवेत वस्तूंची यादी देणंही सोडू नका. 2020 पासून तिथे मोफत नोंदीही मिळतात.

लिंका विकत घ्याव्यात का?

नाही. दुसऱ्या साइटवरून आलेली लिंक म्हणजे शिफारस, या कल्पनेवरच गूगलची पानांचं महत्त्व ठरवायची पेजरँक ही पद्धत उभी राहिली, म्हणूनच तिचा बाजार झाला. 2012 च्या 'पेंग्विन' अपडेटने त्या बाजारातली अनेक दुकानं एका झटक्यात खाली गेली. पैसे देऊन जाहिरात म्हणून लिंक घ्यायची तर तिला कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' खूण हवी, म्हणजे ती शिफारस नाही हे गूगलला कळतं.

सरळ मार्ग हळू आहे, पण आहे. ज्यांचा माल विकता त्या उत्पादकाच्या 'कुठे मिळेल' या पानावर तुमचं नाव आहे का? नसेल तर आजच मेल करा. हस्ताक्षर किंवा चित्रकलेबद्दल लिहिणाऱ्यांना एखादी वही वापरून बघायला द्या आणि मत त्यांच्यावर सोडा. बारा वह्यांवर तीच शाई वापरून मागच्या बाजूचे फोटो एका पानावर मांडा. हे पान तुमच्याशिवाय कोणाकडे नसेल, आणि अशा पानाला लोक आपणहून लिंक देतात.

जाहिराती दिल्या तर क्रम सुधारतो का?

नाही. जाहिरात बंद झाली की ती गर्दीही थांबते. एक उपयोग आहे: कोणत्या शब्दांवर खरी खरेदी होते ते जाहिरातीतून लवकर कळतं, आणि ते वर्णनं लिहिताना वापरता येतं.

एआयकडून वर्णनं लिहून घेतली तर?

मजकूर कशाने लिहिला यावर गूगलचा आक्षेप नाही. ज्यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही अशी पानं ढिगाने तयार करण्यावर आहे, आणि मार्च 2024 च्या स्पॅम धोरणात ते स्पष्ट केलंय. तुमचे मुद्दे देऊन वाक्यं नीटनेटकी करून घ्या, हरकत नाही. पण शाई मागे उमटते का हे एआयला माहीत नाही, त्याने ती वही हातात घेतलेली नाही. न तपासता त्याने 'उमटत नाही' असं लिहिलं आणि ती उमटली, तर गिऱ्हाईक तुम्हालाच जाब विचारणार.

काल-परवापर्यंत वर होतो, अचानक खाली आलो. काय करू?

आधी दोन दिवस काहीही बदलू नका. सर्च कन्सोलमध्ये घसरणीची तारीख शोधा आणि त्याआधीच्या व नंतरच्या काळाची तुलना करा. एकच पान पडलं असेल तर त्या पानात काय बदललं ते पाहा. सगळंच पडलं असेल तर 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' (गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई) तपासा, इंडेक्सिंगचा अहवाल बघा, आणि त्याच सुमारास गूगलचं कोअर अपडेट, म्हणजे क्रम लावायच्या पद्धतीतला मोठा बदल, आलं होतं का ते पाहा. ती वर्षातून काही वेळा येतात. मागच्या वर्षी याच महिन्यात काय होतं तेही बघा. परीक्षा संपल्यावर वह्यांचा शोध कमी होणारच. घाबरून टायटल, रचना, मजकूर सगळं एकदम बदललं, तर नेमकं कशाने काय झालं हे कधीच कळत नाही.

नव्या प्रणालीवर दुकान हलवायचंय. काय सांभाळू?

प्रत्येक जुन्या पत्त्याला त्याचा नवा पत्ता 301 ने जोडा, ही यादी हलवण्याआधी तयार ठेवा आणि रीडायरेक्ट किमान एक वर्ष चालू राहू द्या. नवीन दुकान उघडल्यावर पहिल्या प्रश्नातली नोइंडेक्सची ओळ शोधा.

हे काम बाहेर द्यायचं असेल तर कोणाला द्यावं?

जो आधी तुमच्या मालाबद्दल आणि गिऱ्हाइकांबद्दल विचारतो त्याला. काय काय बदललं याची लेखी यादी दर महिन्याला मागा. डोमेन, सर्च कन्सोल, अ‍ॅनालिटिक्स ही सगळी खाती तुमच्या नावावर ठेवा आणि काम करणाऱ्याला फक्त प्रवेश द्या. खाती दुसऱ्याच्या नावावर असल्याने स्वतःच्याच दुकानाचे जुने आकडे गमावलेले लोक मी पाहिले आहेत.

रोज कोणता आकडा बघावा?

रोज कोणताच नको, महिन्यातून एकदा पुरे. सर्च कन्सोल 16 महिन्यांची माहिती ठेवतं, त्यामुळे मागच्या वर्षाशी तुलना करता येते. 'सरासरी क्रम' फसवा असतो: नव्या शोधांत तुम्ही तळाशी दिसू लागलात की सरासरी बिघडते, जरी दुकान वाढत असलं तरी. त्याऐवजी असे शोध निवडा ज्यांत तुम्ही पुष्कळदा दिसता पण क्लिक फार कमी आहेत. त्यातला वरचा एक घ्या, तो स्वतः गूगलमध्ये टाका, वर आलेली पानं वाचा, आणि मग आपलं पान उघडून बघा की शोधणाऱ्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर त्यावर कुठे लिहिलंय. नसेल तर या महिन्याचं काम ते.